सहा कॉम्प्युटर, एक नोटीस आणि पुतण्याचा आग्रह

एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे:

"मिरजेजवळच्या एका गावात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आहे आणि सहा कॉम्प्युटर आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जत्रेची पोस्टर अशी कामे असतात. ज्याने कॉम्प्युटर जोडून दिले त्यानेच सगळी सॉफ्टवेअर टाकून दिली होती, आम्ही कधी काही विचारले नाही. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सहाही मशिनवर लायसन्स घ्यायचे तर डीलरने सांगितलेला आकडा आमच्या वर्षाच्या नफ्याच्या जवळ जातो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, काकू, एक रुपया देऊ नका, सगळे फुकट आणि कायदेशीर मिळते. आमचे जुने ऑपरेटर म्हणतात, तसे केलेत तर दुसऱ्या दिवशी काम बंद. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विकतचे घ्यावे की फुकटचे? जे फुकट आहे त्याचा खर्च कोण करते, आणि उद्या ते बंद पडले तर? आणि सगळ्यांनीच फुकट वापरले तर पुतण्यासारख्या मुलांना पगार कोण देणार?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी नोटिशीचे बोलू. बाकीच्या गोष्टी थांबू शकतात, ही थांबणार नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे, सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्टाला सौम्य होण्याची मुभा आहे, पण तुमचा वापर धंद्याचाच आहे. म्हणून नोटीस कपाटात ठेवू नका. घाईघाईने हार्डडिस्क पुसून "आमच्याकडे नव्हतेच" असे उत्तरही देऊ नका. गावातल्या किंवा मिरजेच्या वकिलाला ती दाखवा, आणि त्याआधी कोणत्या मशिनवर काय आहे व त्यातले रोज काय वापरले जाते याची खरी यादी हाताशी ठेवा. ही यादी पुढच्या सगळ्या निर्णयांना लागणार आहे. फोनवर कुणाशी तोंडी सौदा करू नका. जे काही विकत घ्याल त्याचे जीएसटीचे पक्के बिल घ्या, म्हणजे कराचे क्रेडिटही मिळेल.

आता पहिला प्रश्न. डीलर आणि पुतण्या दोघे एकाच आकड्याबद्दल बोलत आहेत: सॉफ्टवेअर घ्यायला किती पडते. डीलरकडे तो आकडा मोठा आहे, पुतण्याकडे शून्य. पण छापखाना वर्षानुवर्षे चालवायचा असेल तर दुसरा एक आकडा मला त्याहून मोठा वाटतो, आणि तो कुठल्याच कोटेशनवर छापलेला नसतो. पाच-दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर सोडायचे झाले तर किती पडेल? तुमचे मॅटर, तुमच्या डिझाइन, तुमच्या माणसांच्या हाताची सवय यातले किती तुमच्याबरोबर बाहेर येईल आणि किती आतच अडकून राहील?

मराठी छापखान्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही, कारण ते आपण भोगले आहे. जुन्या सीडी आणि हार्डडिस्क काढून बघा. पेजमेकर या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली सापडतील. अ‍ॅडोबीने पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि २००४ मध्ये पुढचे काम थांबवल्याचे सांगून टाकले. तरीही आपल्याकडे एखादे जुने मशीन केवळ पेजमेकर उघडता यावा म्हणून जपून ठेवलेले छापखाने अजून आहेत. त्याचे कारण आपल्या फाँटमध्ये आहे. नव्वदच्या दशकात विंडोजला देवनागरी येत नव्हती, प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीच्या देवनागरीची सोय विंडोज २००० पासून मिळाली. तोपर्यंत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सरकारी संस्था सीडॅकची आयएसएम अशा सॉफ्टवेअरनी मराठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, उभे केले, आणि ते उपकार लहान नाहीत. पण त्या वेळच्या तंत्रात मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवावे लागत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. त्यामुळे तुमच्या १९९९ च्या अहवालातला 'क' त्या फाइलमध्ये 'क' म्हणून नाहीच. तो विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट फाँटमधला एक क्रमांक आहे. फाँट गेला की मजकूर गेला.

यात कुणी कुणाला फसवले असे मी म्हणत नाही. पण पैशाच्या बाजूने काय झाले ते बघा. एकदा का वीस वर्षांचे मॅटर एका मांडणीत अडकले की त्या कंपनीने सांगितलेली किंमत तुम्हाला मान्य करावीच लागते, कारण बाहेर पडण्याचा खर्च त्याहून जास्त असतो. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये जाहीर केले की डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. तेव्हा जगभरच्या डिझायनरांनी खूप आरडाओरड केली, आणि बहुतेकांनी वर्गणी भरली. त्यांच्या फाइली तिथे होत्या.

पायरेटेड प्रतींचाही यात वाटा आहे, आणि ही गोष्ट आपल्या बाजारात फारशी कुणी बोलत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बोलताना बिल गेट्स चीनबद्दल म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना सवय लागेल आणि पुढच्या दशकात पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही शोधून काढू. तुमच्या सहा मशिनवर नेमके हेच घडले आहे. सगळे कोरल (चित्रे आणि मांडणीचे) आणि फोटोशॉप (फोटोंचे) फुकटात मिळत गेले, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक डीटीपी क्लासने तेच शिकवले, म्हणून प्रत्येक ऑपरेटरला तेच येते, म्हणून गिऱ्हाईक कोरलची सीडीआर फाइल पाठवते. ज्या पर्यायांना खरोखर पैसे लागत नव्हते त्यांना शिरायला जागाच उरली नाही. आणि आता वसुली आली आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ करार याच्या उलट आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडा असतो. कुणीही तो चालवावा, वाचावा, बदलावा, पुढे द्यावा अशी लेखी परवानगी लायसन्समध्येच असते. पैसे न पडणे हा त्याचा परिणाम आहे, आणि तुमच्यासाठी तो दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही की ते बंद पडले तर काय, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या परवानगीत आहे. पेजमेकर थांबला तेव्हा वापरणाऱ्यांच्या हातात काही नव्हते. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टीम्स विकत घेतली तेव्हा ओपनऑफिस हे पत्रे-तक्ते करायचे मुक्त सॉफ्टवेअर तिच्याबरोबर ओरॅकलकडे गेले, आणि त्यावर काम करणाऱ्यांना भवितव्याची शंका आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी तोच कोड घेऊन लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. वापरणाऱ्यांच्या फाइली दुसऱ्या दिवशीही तशाच उघडल्या, आणि आजही उघडतात. दोन्ही ठिकाणी कंपनीने निर्णय बदलला होता. एका ठिकाणी गिऱ्हाइकाला रस्ता होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फुकट डाउनलोड होणारे सगळेच मुक्त नसते. आज फुकट देऊन उद्या पैसे मागणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. पुतण्याला प्रत्येक नावापुढे लायसन्स कोणते ते लिहायला लावा.

आता खर्च कोण करते ते सांगते. लोकांची समजूत अशी की रात्री जागून हौशी मुले हे लिहितात. तशी मुले आहेत, पण लिनक्स या विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या गाभ्यातले बहुतेक काम आज पगारी माणसे करतात, आणि पगार देणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत. आयबीएमने २००० च्या अखेरीस सांगितले की येत्या वर्षात लिनक्सवर १ अब्ज डॉलर घालू. त्यांना मशीन आणि सेवा विकायच्या होत्या. मिसळ विकणाऱ्याला पाव स्वस्त झालेला हवाच असतो. आपल्या फाँटचेही तसेच. मुंबईच्या एक टाइपने काढलेले मुक्ता आणि बलू, किंवा खास मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी, हे फाँट गूगल फाँट्सवर कुणालाही घेता येतात. वेबवर देवनागरी मजकूर जितका वाढेल तितका गूगलचा धंदा वाढतो, आणि त्यातून तुमच्या लग्नपत्रिकेला चांगला फाँट कायदेशीर मिळतो.

दुसरा मार्ग सेवेचा. रेड हॅट ही कंपनी लिनक्सचा कोड उघडा ठेवून त्याची देखभाल, दुरुस्ती आणि जबाबदारी वर्गणीवर विकते. २०१९ मध्ये आयबीएमने तिला ३४ अब्ज डॉलरला विकत घेतले. या कंपनीचे पुण्यात मोठे ऑफिस आहे, आणि लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे मुक्त फाँट तिनेच पुढे नेले.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी २००२ मध्ये बुडाली. गुंतवणूकदार म्हणाले, १ लाख युरो द्या, कोड सोडतो. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर सगळ्यांचे झाले. आज मोठमोठे स्टुडिओ ते वापरतात.

पण सगळीकडे असे घडत नाही, आणि पुतण्याने तुम्हाला ही बाजू सांगितलेली दिसत नाही. जगातल्या बँकांपासून दुकानांपर्यंत सगळ्यांचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर मूठभर माणसे सांभाळत होती, आणि त्यांना वर्षाला देणगी म्हणून मिळत होते सुमारे २ हजार डॉलर. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड नावाचे भगदाड सापडले तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. मग मोठ्या कंपन्यांनी पैसे एकत्र केले. सगळे वापरतात आणि कुणीच पैसे घालत नाही, हा मुक्त सॉफ्टवेअरच्या अर्थकारणातला खरा रोग आहे आणि तो बरा झालेला नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला: जगात सर्रास वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायचे तर सुमारे ४.१५ अब्ज डॉलर लागतील. पण ते अस्तित्वातच नसते आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते तर ८.८ लाख कोटी डॉलर. दुसरा आकडा मी हातचे राखून घेते, कारण प्रत्येक कंपनी खरेच सगळे लिहीत बसली नसती, पुष्कळ गोष्टींवाचून तिने भागवले असते. पण दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की लक्षात येते, घातलेल्या पैशाच्या कितीतरी पट फायदा वापरणाऱ्यांच्या घरी जातो. आणि किंमत शून्य असल्याने त्यातला मोठा भाग राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत दिसतच नाही. युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या अभ्यासानेही असेच म्हटले: कंपन्यांनी २०१८ मध्ये १ अब्ज युरोच्या आसपास घातले, अर्थव्यवस्थेला ६५ ते ९५ अब्ज युरोंचा हातभार लागला.

मग असे असताना तुमचे ऑपरेटर मुक्त सॉफ्टवेअरला का घाबरतात? त्यांचे चुकत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात, आणि तरी छापखान्याच्या टेबलावर कोरलच आहे. सर्व्हर चालवणारा माणूस स्वतः प्रोग्रामर असतो; त्याला खुपले की तो दुरुस्त करतो आणि ती दुरुस्ती सगळ्यांना मिळते. डीटीपी ऑपरेटरला खुपले तर तो शिव्या देतो आणि जुन्याकडे परत जातो. म्हणून इंकस्केप रेखाटनाला उत्तम आहे, पण ते पडद्याच्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा) रंगांत काम करते आणि ऑफसेटच्या चार प्लेटांसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, वेगळे करायचे काम त्यात धड होत नाही. असली कंटाळवाणी, नेमकी, धंद्यापुरती कामे करून घ्यायला लायसन्सचा पैसा उपयोगी पडतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही तेच: जीएसटीचा नियम बदलला की टॅलीत बदल येतो, कारण कुणाला तरी त्याचा पगार मिळतो.

उलटही घडते. स्क्रायबस हे पानांची मांडणी करणारे मुक्त सॉफ्टवेअर पूर्वी देवनागरीला निरुपयोगी होते, जोडाक्षरे तुटायची. ओमानमधल्या एका गटाने आपल्या अरबीसाठी त्याच्या अक्षरजुळणीचे काम नव्याने केले, आणि त्याच कामातून देवनागरीही सुटली. जानेवारी २०२४ ला आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ते सगळे आहे. शिवाय सीएमवायके, स्पॉट कलर (एखादी खास तयार शाई) आणि छपाईसाठीची पीडीएफ/एक्स यांची सोयही. मस्कतमधल्या माणसांनी अरबी पुस्तकांसाठी केलेल्या मेहनतीचा लाभ मिरजेच्या छापखान्याला मिळावा, हे विकतच्या सॉफ्टवेअरच्या जगात सहसा घडत नाही.

तर आता तुमच्या सहा मशिनकडे येऊ. सगळे एकदम बदलू नका. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचे ठरवले, दहा वर्षांत १५ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर बदलले, लाखो युरो वाचल्याचे सांगितले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. त्याला राजकारण होते, कारभाराची विस्कळीत घडी होती, आणि बाहेरच्यांशी फाइलींची देवघेव करताना होणारा रोजचा त्रासही होता. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने क्रम वेगळा ठेवला. २००५ पासून विंडोज तशीच ठेवून आधी ऑफिसचे सॉफ्टवेअर बदलले, मग ब्राउझर आणि ईमेल. माणसांच्या हातात ते बसल्यावर २००८ पासून उबुंटू हे लिनक्स आणले. तेव्हा त्यांच्यासाठी स्क्रीनवरचे जवळजवळ सगळे ओळखीचेच होते. ते आजही त्यावर आहेत. तुम्ही या दुसऱ्यांचा क्रम घ्या.

तुमची यादी बघितली की मला वाटते असे दिसेल: सहापैकी तीन-चार मशिनवर फक्त टायपिंग, बिले, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो उतरवणे चालते. तिथे कोरल-फोटोशॉप पडून आहे, कुणी उघडतही नाही. वकिलाशी बोलून ते काढून टाका आणि लिबरऑफिस बसवा. त्याची फाइल ज्या पद्धतीने साठते ती उघडी आहे आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. टायपिंग यापुढे फक्त युनिकोडमध्ये, हा नियम कडक करा. ज्यांचा हात जुन्या कीबोर्डवर बसला आहे त्यांना इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डला थोडा वेळ लागेल, तो द्या.

दोन मशिनवर, जिथे गिऱ्हाइकांच्या सीडीआर फाइली येतात आणि चार रंगांचे काम होते, तिथे लायसन्स विकत घ्या. डीलरला सहाऐवजी दोनाचे कोटेशन मागा आणि आपल्याला खरोखर लागणाऱ्या सॉफ्टवेअरचेच मागा. तिथे पुतण्याचे ऐकू नका. दिवाळी अंकाच्या गर्दीत एका चुकलेल्या प्लेटचा खर्च लायसन्सच्या बचतीला सहज खाऊन टाकेल. टॅली वापरत असाल तर तेही लायसन्स घेऊन चालू ठेवा. तुमचे सीए टॅलीतच काम करत असणार, आणि एकट्या तुम्ही वेगळ्या झालात तर दर तिमाहीला दोघांनाही ताप होईल. सीटीपीला (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्या मशिनला) किंवा फ्लेक्सच्या मशिनला जोडलेला कॉम्प्युटर असेल तर त्याला हातच लावू नका. त्या मशिनची सॉफ्टवेअर बहुधा विंडोजच मागतात. तो इंटरनेटपासून तोडून ठेवा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या मशिनना विंडोज ११ चालत नाही म्हणून डीलर नवे कॉम्प्युटर घ्यायला सांगेल. टायपिंगच्या मशिनसाठी ते घेऊ नका. लिबरऑफिसवर हात बसल्यावर त्याच मशिनवर लिनक्स मिंट टाका. आधी प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का ते पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून तपासा, त्याला काही इन्स्टॉल करावे लागत नाही. मला या सगळ्यातली सर्वांत मोठी रोख बचत इथे दिसते, लायसन्समध्ये नाही.

जुने मॅटर सगळे एकदम युनिकोडमध्ये करायला बसलात तर थकाल. पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, म्हणजे अहवालांची कामे जुलै-ऑगस्टपासून येतील. ज्या संस्थेचा अहवाल येईल त्या संस्थेचा गेल्या वर्षीचा मजकूर तेवढा जुन्या फाँटचे युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा. प्रूफ नीट वाचा: रफार, 'र्‍या'तला र, आणि ऱ्हस्व इकाराची जागा यांत घोटाळे निघतात. दोन-तीन हंगामांत चालती गिऱ्हाइके सगळी सुटतील, आणि जी पुन्हा आलीच नाहीत त्यांच्यावर वेळ जाणार नाही. पेजमेकरच्या आणि कोरलच्या फाइली लिबरऑफिस आणि इंकस्केपमध्ये पुष्कळशा उघडतात, कारण काही प्रोग्रामरांनी अशा बंद फाइलींची रचना उलगडून सगळ्यांसाठी खुली केली आहे. मांडणी मिळेल, मराठी मात्र कन्व्हर्ट करावेच लागेल.

ऑपरेटरदादांबद्दल एक मनापासून सांगायचे आहे. ते नव्याला विरोध करत नाहीत, ते आपली किंमत वाचवत आहेत. त्यांचे कोरलमधले वीस वर्षांचे कसब हीच त्यांची कमाई आहे आणि स्क्रायबसमध्ये ते पहिल्या दिवशी शिकाऊ होणार. आषाढी एकादशीनंतर लग्नपत्रिका थांबतात तेव्हा त्यांना कामाच्या वेळात, पगारी, रोज तासभर स्क्रायबस शिकू द्या. एखादे एकरंगी काम, म्हणजे भजनी मंडळाची पुस्तिका किंवा शाळेचे हस्तपत्रक, त्यात करून बघू द्या. त्यांना पटले तरच पुढच्या वर्षी एक लायसन्स कमी करायचा विचार करा. त्यांचा पगार कमी करू नका, शिकल्यावर वाढवा. तो पैसा गावातच राहील.

यातून तिसऱ्या प्रश्नाकडे येते. जगात जेवढे सॉफ्टवेअर लिहिले जाते त्यातले डब्यात घालून विकले जाणारे थोडेच असते. बँका, कारखाने, रेल्वे, दवाखाने आपापल्या गरजेपुरते लिहून घेतात, आणि प्रोग्रामरांचे पगार मुख्यतः तिथून येतात. तिथे मुक्त सॉफ्टवेअर पगार हिरावत नाही. पाया तयार मिळतो म्हणून लहान गावातल्या मुलालाही काम उभे करता येते. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट बघा. मालाचा साठा, खरेदी, हिशेब, जीएसटी असे कारखान्याचे सगळे सांभाळणारे हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. कंपनी ते चालवून देण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे घेते, आणि ते गिऱ्हाइकाकडे बसवून देणाऱ्या लहान कंपन्या आपापली कमाई करतात. एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीने परदेशी सॉफ्टवेअरचे लायसन्स घेतले तर पैशाचा मोठा भाग बाहेर जातो. ईआरपीनेक्स्ट घेतले तर तो इथल्या मुलाच्या कामाचा मोबदला म्हणून इथे उतरतो. केरळने शाळांतून हे मोठ्या प्रमाणावर केले. तिथल्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये ३ हजार कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. हा आकडा विकतच्या सॉफ्टवेअरची छापील किंमत धरून काढलेला आहे, तेवढे पैसे सरकारने खरेच खर्चले असते असे मला वाटत नाही. पण मल्याळममधून सगळी व्यवस्था आपल्या हाताने वळवता येणे आणि हजारो शिक्षकांना ती दुरुस्त करता येणे, याची किंमत त्या आकड्यात धरलेलीच नाही.

ज्यांचे नुकसान होते तेही सांगते. मराठी फाँट आणि तयार पॅकेज विकून जगणाऱ्या लहान कंपन्यांचा धंदा मुक्त फाँटमुळे आटला. त्यांच्यातले कसबी लोक आता नेमून दिलेले काम करून कमावतात, किंवा हे क्षेत्रच सोडून जातात. देवनागरी अक्षरे काढणारी माणसे आधीच थोडी आहेत, आणि त्यांचे पोट गूगलसारख्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असावे हे मला बरे वाटत नाही. बेंगळुरूच्या झेरोधाने २०२४ पासून मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलर द्यायचे ठरवले आहे. अशी आणखी दहा घरे देशात लागतील, आणि त्यात महाराष्ट्रातली का नसावीत?

तुमच्या पातळीवर दोन गोष्टी करता येतील. चार लायसन्सचे जे पैसे वाचतील त्यातला थोडा भाग, दिवाळीला कामगारांना देतो तसा हिशेबात धरून, लिबरऑफिसच्या किंवा स्क्रायबसच्या संस्थेला पाठवा. आणि पुतण्याला सांगा, काकूला फुकट सॉफ्टवेअर सुचवलेस ते ठीक, पण आता ऑपरेटरदादांच्या शेजारी बसून स्क्रायबसमध्ये मराठी सेट करताना त्यांना जे जे अडेल ते वहीत लिही. 'र्‍या' कुठे तुटतो, ओळ कुठे चुकीची मोडते, कोणता मुक्त फाँट प्लेटवर बारीक पडतो. मग ते एकेक करून त्या प्रकल्पाला नीट, नमुना फाइलसह कळव, आणि झेपेल ते स्वतः दुरुस्त कर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ते काम चांगले होईल, आणि नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला त्याच्याकडे जगभर वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये नावानिशी केलेले काम असेल.

नोटिशीच्या उत्तराची प्रत जपून ठेवा, आणि डीलरचे दोन मशिनचे कोटेशन आले की ते मला पाठवा. आकडे बघून पुढचे लिहीन.